रोलमध्ये टांगडीची तरतूद

कोंबडी ही समान वाटपासाठी तयार झालेली वस्तू नाही. तिला टांगड्या दोन, काळीज एक आणि पाठही एकच. खाणारी माणसं मात्र घरात कितीही निघतात. अशा वेळी कुणाच्या ताटात कोणता तुकडा पडावा हे नशिबावर सोडून चालत नाही. राज्यकारभार नशिबावर सोडला तरी लोक निभावून नेतात, पण रविवारच्या जेवणात एखादी टांगडी चुकीच्या ताटात गेली तर ती पुढच्या पिढीपर्यंत निघत राहते. म्हणून धारूरच्या डोंगराखाली मुंजाजींच्या घरी या बाबतीत एक नियमावली पूर्वापार चालत आलेली होती. ती कागदावर कुठेच नव्हती. ती मुंजाजींच्या बायकोच्या, म्हणजे सारजाबाईंच्या, हातातल्या पळीत होती.

मुंजाजी मेंढरं राखत आणि कोरडवाहू रानात जे उगवेल त्याला पीक म्हणत. मुलगा बजरंग धारूरला मोबाईल दुरुस्त करी. त्याची बायको शिवकन्या अंबाजोगाईला कॉलेजात शिकून आलेली होती. (शिक्षणाचा घरात अभिमान होता. पाहुण्यांना ते चहाबरोबर सांगितलं जाई आणि चहा तीच करी.) या चार माणसांवर पळीचं राज्य होतं आणि कुणाची तक्रार नव्हती, निदान पळीच्या कानावर आलेली नव्हती.

नियमावलीतल्या मुख्य तरतुदी अशा. टांगडी जावयाची. दुसरी टांगडीही जावयाचीच, मात्र ती त्याने दोनदा ‘नको, नको’ म्हटल्याशिवाय वाढता येत नाही. (जावई हजर नसल्यास टांगड्या बाप-लेकांत तात्पुरत्या स्वरूपात वाटाव्यात, त्यावरून कुणी कायमचा हक्क सांगू नये.) काळीज मुंजाजींना, कारण त्यांच्या दाढा गेल्या आहेत. (दाढा होत्या तेव्हाही काळीज त्यांनाच जाई, पण तेव्हा कारण दुसरं होतं.) पेटा, म्हणजे कोंबडीचं दाणे दळणारं पोट, बजरंगला. छातीचं मांस माहेरी आलेल्या लेकीला. पंख वाढणारणीने स्वतःला घ्यावेत. आणि पाठीचं हाडूक, ज्याला मांस असतं की नाही याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत, ते सुनेला.

सारजाबाई स्वतः सून म्हणून या घरात आल्या तेव्हापासून सासूचा हात थरथरायला लागेपर्यंत त्यांनी पाठच खाल्ली होती. एवढी वर्षं पाठ चघळल्यावर कोणत्या हाडाच्या कोणत्या खाचेत मांस लपलेलं असतं हे त्यांना डोळे मिटून सांगता येई. या पद्धतीत अन्याय आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. वेळ लागतो, एवढंच. आज पाठ, उद्या पंख. त्यासाठी मध्ये कुणाला तरी म्हातारं व्हावं लागतं, आणि ते आपोआप होतं.

अशी सगळी घडी बसलेली असताना आखाडातल्या शेवटच्या रविवारच्या आधी आष्टीहून लेकीचा, वनमालाचा फोन आला. श्रावण लागायच्या आत ती आणि जावई अजिनाथ येणार, हे ठरलेलंच होतं. फोन वेगळ्याच कामासाठी होता.

“माय, ह्यांला चिकन रोल खायचाय,” वनमाला म्हणाली. “मोबाईलवर बघून बघून येडे झालेत. गाड्यावर करतेत तसा. म्हणले, तुझ्या माहेरी गेलं की आपला रस्साच असतोय.”

“आखाडाचा रस्सा नसंल तर काय असावं मग?” सारजाबाईंनी विचारलं.

“रस्सा वंगाळ हाय असं न्हाई म्हणले ते. रोल खायचाय, एवढंच म्हणले.”

फोन ठेवून सारजाबाई ओट्यावर टेकल्या. रोल म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं. पण शिवकन्या कॉलेजच्या दिवसांत तो खायची, एवढं त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी सुनेला बाहेर बोलावून कृती विचारली. शिवकन्या पदराला हात पुसत सांगू लागली आणि सांगता सांगता तिचा आवाज जरा मोकळा झाला. कोंबडी बिनहाडाची. बारीक तुकडे. दही, तिखट, आलं-लसूण लावून ठेवायचे आणि मोठ्या जाळावर तव्यात परतायचे. पोळीवर अंडं फोडून पोळी उलटायची. वर हिरवी चटणी, लिंबात मुरवलेला कांदा, उभा चिरलेला कोबी, मग तुकडे, मग गुंडाळी, मग चकाकता कागद. अंबाजोगाईला कॉलेजच्या बाहेर गाडा होता. दोन मैत्रिणींत एक रोल घेतला तर गाडेवाला सुरीनं मधोमध कापून द्यायचा. दोघींना सारखा.

सारजाबाईंनी सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला. “आन कुणाच्या वाट्याला काय आलं, हे कसं कळायचं?”

“न्हाई कळत, आत्याबाई,” शिवकन्या म्हणाली. “समदं आतच असतंय.”

ती आत गेली आणि सारजाबाई हिशोब मांडू लागल्या. कोंबडी बारीक कापून पोळीत बांधली की टांगडी कोणती आणि पाठ कोणती हे खुद्द कोंबडीलाही सांगता येणार नाही. मग जावई आणि मेंढरामागचा एखादा गडी एका रांगेत. मग सून पहिल्याच दिवशी छाती खाणार, तीसुद्धा एकही पाठ न चघळता. आणि पळीनं करायचं काय? रोलला पळी लागतच नाही. जन्म घालवून हातात आलेली वस्तू एका गुंडाळीपायी भिंतीला टांगायची, हे त्यांना मनापासून लागलं.

शिवाय पेच कायद्याचा होता. जावयाची इच्छा मोडता येत नाही आणि जावयाची टांगडी चुकवता येत नाही. दोन्ही तरतुदी सारख्याच जुन्या, सारख्याच कडक. एवढी वर्षं त्यांची एकमेकींशी गाठ पडली नव्हती, कारण आजवर प्रत्येक जावयाने इच्छा म्हणून टांगडीच सांगितली होती.

संध्याकाळी बजरंगनं धारूरहून बिनहाडाची कोंबडी आणण्याचा प्रस्ताव मांडला. मुंजाजींनी तो समजून घेण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला.

“हाड न्हाई, तर ती कोंबडी उभी कशावर ऱ्हायली बे?”

“आबा, हाडं असतेत. काढून इकतेत.”

“मग ती हाडं कुठं जातेत?”

जगात एवढी बिनहाडाची कोंबडी विकली जाते, तर मागे राहिलेली एवढी हाडं कुणाच्या सुना खातात, हा प्रश्न खरं तर वरच्या पातळीवर हाताळण्यासारखा आहे. तो ओट्यावर सुटला नाही. शेवटी सारजाबाईंनीच निकाल दिला. जावयाला बाजारची पांढरी कोंबडी घालून नाव घालवायचं नाही. घरचा गावरान कोंबडा कापायचा. (गावरान कोंबडा चावायला जितका वेळ लागतो तितका सासुरवाडीचा जीव मोठा समजला जातो. या मापाने हा कोंबडा फारच मायाळू होता.) तो आधी चुलीवर हाडांसकट शिजवायचा, मग मांस काढून रोलमध्ये घालायचं.

आणि नियमावलीत पुढीलप्रमाणे दुरुस्ती करण्यात आली. प्रत्येकाचा तुकडा वेगळा कापून त्याच्या त्याच्याच रोलमध्ये जाईल. रोल कागदात बांधल्यावर सगळे एकसारखे दिसत असल्यामुळे त्यांना खुणा राहतील. मुंजाजींच्या काळजाच्या रोलवर हिरवी मिरची खोचलेली. बजरंगच्या पेट्यावर लवंग. वनमालाच्या छातीवर कोथिंबिरीची काडी. सारजाबाईंच्या पंखांवर लसणाची पाकळी. जावयाच्या रोलला खुणेची गरज नव्हती, कारण टांगडी ही बारीक करायची गोष्टच नव्हे, असं सारजाबाईंचं ठाम मत होतं. ती अख्खी, हाडासकट पोळीत गुंडाळायची आणि हाड वर चार बोटं दिसू द्यायचं. दुरून येणाऱ्या माणसालाही कळलं पाहिजे की इथे जावई जेवतोय.

“आन माझा?” शिवकन्यानं विचारलं. ती पीठ मळत होती.

“ज्याला खूण न्हाई, तो तुझा,” सारजाबाई म्हणाल्या. यात त्यांना टोमणा मारायचा नव्हता. खरोखरच सोपं पडत होतं.

रविवारी अजिनाथराव जोडीनं आले. पाणी झालं, चहा झाला, आष्टीकडे पाऊसपाणी कसं आहे हे विचारून झालं. शिवकन्या तव्यापाशी, सारजाबाई तिच्या शेजारी खुणा लावत. रोल गरम खायचा असतो. त्यामुळे करणारीनं शेवटी खायचं, हे या पदार्थाच्या रचनेतच आहे. त्यासाठी सासूला वाईटपणा घ्यावा लागत नाही. रोल सारजाबाईंना थोडासा आवडला तो याच ठिकाणी.

पहिला रोल जावयाच्या हातात गेला. अजिनाथरावांनी मोबाईलवर शेकडो रोल पाहिले होते, पण त्यांतल्या एकालाही दांडा नव्हता. त्यांनी तो आधी खालून धरला, मग वरून धरला आणि पहिला घास घेतला. दात हाडावर बसल्याचा आवाज चुलीपर्यंत आला.

“कसा झालाय, पाव्हणं?” सारजाबाईंनी विचारलं.

“लई भारी, मामी,” अजिनाथराव गालाला हात लावून म्हणाले. जावई हे पद घटनात्मक आहे. त्या पदावरच्या माणसाला मानानं दिलेल्या गोष्टीबद्दल दुखलं असं म्हणता येत नाही. त्यांनी पोळी हाडाभोवती फिरवत, कणसाच्या पद्धतीनं रोल संपवला.

मुंजाजींनी आपला रोल उघडून ताटात पसरला, काळीज आहे याची खात्री केली, पोळी कुस्करली आणि वर ओतायला चुलीवरचं पाणी मागितलं. मांस काढून उरलेली हाडं त्या पातेल्यात होती. सारजाबाईंनी त्यात सवयीनं येसर मसाला टाकून ठेवला होता, त्यामुळे रस्सा करायचा नाही असं ठरूनही रस्सा झालेला होता. मुंजाजी तृप्त झाले. हात धुता धुता त्यांनी विचारलं, “आता जेवाय कवा वाढताव?”

इथपर्यंत सगळं नियमाप्रमाणे चाललं होतं. घोळ झाला तो आग्रहात. रस्सा आणि रोल यांत एक मूलभूत फरक आहे आणि तो कोणत्याही मोबाईलवर दाखवत नाहीत. रश्श्याचा आग्रह पळीभर करता येतो. ‘नको, नको’ म्हणणाऱ्याच्या ताटात थोडं पातळ आणि एक बारका तुकडा पडतो, मान राखला जातो आणि पातेल्यातलं फारसं कमी होत नाही. रोलचा आग्रह अर्धा करता येत नाही. जावई दोनदा ‘नको’ म्हणाला की त्याच्या हातात अख्खा रोल जातो. अजिनाथराव चांगल्या घरचे होते. दोनदा नको म्हटल्याशिवाय त्यांनी काहीच घेतलं नाही. दुसऱ्या रोलमध्ये दुसरी टांगडी गेली. तिसऱ्यासाठी टांगडी उरली नव्हती, म्हणून छाती गेली. नवऱ्यानं तिसरा घेतला म्हटल्यावर वनमालाला दुसरा घ्यावा लागला. बजरंगला कुणी आग्रह केला नाही, त्यामुळे त्यानं स्वतःच दोन मागून घेतले. शिवकन्या पोळी उलटत होती, भरत होती, गुंडाळत होती आणि सारजाबाई मागेल त्याला देत होत्या. कोण किती खातंय याकडे त्यांचं बारीक लक्ष होतं. असं लक्ष ठेवणं हीच त्यांची जन्माची कमाई होती.

सगळे उठले आणि बाहेर ओट्यावर जाऊन टेकले. चुलीपाशी दोघी राहिल्या आणि दोन रोल राहिले. एकावर लसणाची पाकळी होती. दुसऱ्यावर काही नव्हतं. तो सारजाबाईंनी सुनेला द्यायला उचलला आणि त्यांचा हात मध्येच थांबला.

आयुष्यभर तुकडे वाढलेल्या हाताला वजन कळतं. रोल हलका होता. सारजाबाईंनी कागद सोडला आणि पोळी उलगडली. आत कोबी होता, कांदा होता, हिरवी चटणी अगदी कडेपर्यंत नीट पसरलेली होती. गुंडाळी इतर सगळ्यांपेक्षा सुबक होती. कोंबडी नव्हती.

त्याच वेळी ओट्यावरून अजिनाथरावांचा समाधानी आवाज आला. “मामी, रोलचं एक बरं हाय बघा. समद्यांला सारखंच येतंय.”

खरं तर सारजाबाईंना आनंद व्हायला हवा होता. रोलनं नियम मोडले नव्हते. उलट पाठीचं हाडूकसुद्धा वाचवलं होतं. कुणी काही ठरवलं नाही, कुणी वाईट झालं नाही आणि सून जिथल्या तिथे राहिली. एवढं चोख काम त्यांच्या पळीनं कधी केलं नव्हतं. पण त्यांना आनंद झाला नाही. त्यांना एकदम राग आला आणि तो नेमका कुणाचा हे कळेना.

“ह्याच्यात तर काहीच न्हाई,” त्या म्हणाल्या.

“हाय की. कांदा हाय.”

“कोंबडी?”

“पुरली न्हाई, आत्याबाई. शेवटचा तुमच्या लेकाला गेला.”

“मग मला कावून न्हाई सांगितलं? मी हितंच बसलेव ना तुझ्याजवळ.”

शिवकन्यानं तवा खाली उतरवला. “रोलमधी दिसत न्हाई,” ती म्हणाली. “म्हणलं, चालतंय. गुंडाळला की सारखाच दिसतोय.”

सारजाबाईंनी उघडी पोळी ताटात ठेवली. मग म्हणाल्या, “माझी सासू मला पाठच वाढायची. पर वाढताना माझ्या तोंडाकडं बघायची. तिला ठावं असायचं, काय वाढलंय ते. मला बी ठावं असायचं. आज मी हितं बसून समद्यांच्या ताटाकडं बघितलं पोरी, आन तुझंच तेवढं बघितलं न्हाई.”

शिवकन्याचे डोळे भरले होते, पण चूल समोर असल्यामुळे त्याचं कारण धूर असं धरता येत होतं.

सारजाबाईंनी लसणाची पाकळी काढून टाकली, आपला रोल उघडला आणि पंखांचं निम्मं मांस सुनेच्या पोळीत टाकलं. (ही कृती कोणत्याही तरतुदीत बसत नसल्यामुळे ती झाली असं समजू नये.) मग त्यांनी भिंतीची पळी काढली, पातेल्याच्या तळात घातली आणि पाठीचं हाडूक वर आणलं. त्याला खाचेखाचेत मांस होतं. ते कुठे कुठे असतं हे त्यांनी सुनेला एकेक करून दाखवलं आणि ती खाईपर्यंत समोरून उठल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी जावई-लेक आष्टीला गेले. घरात रोल पुन्हा करायचा नाही, असं सारजाबाईंनी जाहीर केलं. मुंजाजींनी ताबडतोब पाठिंबा दिला. बजरंग म्हणाला, “माय, तुमी दोघं लई जुन्या इचाराचे. जग कुठं चाललंय बघा,” आणि दुकानाला निघून गेला. आता श्रावणात विषयच निघणार नाही. पुढे कोंबडी होईल तेव्हा पळी असेल, ताटं उघडी असतील आणि शिवकन्याच्या ताटात पाठ असेल. समानता या घरात यायची राहिली ती राहिलीच. मात्र कुणाला काय मिळालं नाही, हे तरी सगळ्यांसमोर वाढलं जाईल.

वाचकांच्या घरी असा प्रकार नसतो, याची पूर्ण जाणीव आहे. तिथे माणसं शिकलेली असतात, टेबल गोल असतं, सगळ्यांना सगळं सारखं मिळतं आणि रोल तर महिन्यातून दोनदा होतो. तरी एक छोटीशी चौकशी करून पाहावी. काल घरात सगळ्यात शेवटी कोण जेवलं आणि त्या ताटात काय होतं, हे आठवतंय का बघावं. न आठवल्यास बसल्या जागेवरून स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारू नये. “झालं की माझं,” असं उत्तर येईल, आणि ते तुम्हाला पटेल.